गाडीची ओटी

गाडीच्या सीटखाली हात घालायचा आणि हाताला काय लागतं ते बघायचं, यावर मी आयुष्य काढलं. लग्नाकार्यात कुणी नव्याने ओळख करून घेताना "आपण काय करता?" असं विचारलं की मी हेच सांगायचे आणि आमचे हे कपाळाला हात लावायचे. "अगं, मोटार विम्याची सर्व्हेयर आहे म्हण ना सरळ!" पण तसं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे एजंट का?" एजंट नाही हो! एजंट पॉलिसी विकतो, त्याला लोक बोलावून चहा पाजतात. गाडी ठोकली की कंपनी मला पाठवते, आणि मी दारात दिसले की लोकांचे चेहरे उतरतात.

पिरंगुट, भरे, पौड, इकडे हिंजवडी-महाळुंगे आणि तिकडे पार ताम्हिणीपर्यंत, एवढा माझा मुलूख. डिप्लोमा ऑटोमोबाईलचा. वर्गात मी एकटीच मुलगी होते आणि पुढे गॅरेजांमध्येही एकटीच बाई. सुरुवातीला मिस्त्री लोक मला खुर्ची द्यायचे, पंखा लावायचे आणि विचारायचे, "साहेब कधी येणारेत?" मी ओढणी कमरेला बांधायचे आणि म्हणायचे, "साहेब आलेत. गाडी जॅकवर घ्या." हळूहळू त्यांना सवय झाली.

काम तसं साधं. गाडीचं नुकसान किती, दुरुस्तीला काय लागेल, आणि मालक सांगतोय तसाच अपघात झालाय का, हे बघून रिपोर्ट द्यायचा. भरपाई द्यायची की नाही ते कंपनी ठरवते. पण एक गोष्ट लोकांना काही केल्या पटत नाही. त्यांना वाटतं, गाडीचा विमा काढला म्हणजे गाडीचं जे काय होईल ते आता कंपनी बघून घेईल. अहो, असं नसतं ते. गाडी कशासाठी वापरणार हे सांगून विमा काढलेला असतो. पांढऱ्या पाटीची घरची गाडी निम्मा दिवस दारात उभी असते, तिच्या टपावर मांजर झोपतं. पिवळ्या पाटीची भाड्याची गाडी दिवसभर पळते, ड्रायव्हर दमतो, धोका वाढतो, म्हणून तिचा विमा वेगळा आणि महाग. आता घरच्या गाडीचा विमा काढून ती भाड्याने पळवली आणि ठोकली, तर कंपनी हात वर करते. धंद्याचा माल वाहिला तरी तेच, शर्यत लावली तरी तेच. शेजारणीला दवाखान्यात नेलं, मित्राला स्टेशनवर सोडलं, तर काही अडत नाही. फक्त त्याचा मोबदला ठरवून घ्यायचा नाही.

आणि गाडी कशी वापरली हे गाडी स्वतः सांगते. मालकाने कितीही पढवून ठेवलेलं असो. महाळुंग्याच्या नव्या टॉवरमधले एक इंजिनिअर होते. "मॅडम, धिस इज माय पर्सनल कार, फक्त मी आणि मिसेस." मी मागच्या सीटखाली हात घातला तर वेगवेगळ्या फोनच्या चार्जिंगच्या वायरींचा झुबका निघाला आणि तीन जणींच्या केसांच्या क्लिपा. मिसेसच्या एकटीच्या म्हणाव्यात तर क्लिपा तीन जातीच्या. शेवटी बिचारे खाली बसले आणि खरं बोलले. कंपनीत माणसं कमी करत होते, भीती वाटत होती, म्हणून रोज हिंजवडीला जाताना चार सीट महिन्याच्या बोलीने भरत होते. चांगला माणूस होता. मी दिसलं ते लिहिलं, आणि त्या रात्री जेवण गेलं नाही.

कासारसाईच्या एका गड्याच्या गाडीला तर धरणाच्या मासळीचा असा दर्प, की मिस्त्रीने नाकाला फडकं बांधलं होतं. "मावशीला मासे न्हेले व्हते मॅडम, येकदाच." मी म्हटलं, "दादा, मावशी काय मासेच पांघरून झोपते का?" तो स्वतःच खो खो हसायला लागला. असं हसून मोकळं होणारे फार थोडे.

पण आज सांगायचंय ते दत्ताच्या गाडीबद्दल.

दत्ता मुळशी धरणाच्या पल्याडचा. तिशीतला पोरगा, गावोगाव लाइट फिटिंगची कामं करायचा. वडलांनी रस्त्याकडेचा एक तुकडा विकला तेव्हा त्यातून सात सीटची गाडी घेतली. गावात तेवढी मोठी गाडी दुसरी नव्हती, त्यामुळे कुणाला साप चावो, कुणाचा पाय मोडो, लोक दत्ताच्या दारात. त्यातून गावाच्या वर डोंगरात एक वाडी आहे, पंधरा-वीस घरांची. रानातला हिरडा गोळा करणारी, दुसऱ्याच्या भातावर मजुरीला येणारी माणसं. तिथे फोनला रेंज नाही. ॲम्ब्युलन्स बोलवायची तर आधी खाली गावात यायचं, मग वाट बघायची. वाडीच्या पायथ्यापर्यंत कच्चा रस्ता आहे, आणि त्यावर भरवशाने येणारी एकच गाडी, दत्ताची.

ती गाडी वाडीवरून परत येताना मोरीच्या कठड्यावर आदळली. म्हैस आडवी आली. दत्ताला खरचटलं, शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला काही झालं नाही, म्हैस तर मागे वळूनही न बघता निघून गेली म्हणे. गाडीचं नाक मात्र पार आत गेलं होतं.

मी पिरंगुटच्या गॅरेजात गाडी बघितली. मार बरोबर कठड्याच्या उंचीचा, रेडिएटरच्या जाळीत कठड्याचं सिमेंट. अपघात खरा, यात शंका नव्हती. पण बाकीचं बघून माझ्या भुवया वर गेल्या. काचेखाली वायपर बसतात त्या खाचेत तांदळाचे दाणे. डिकीत फाटलेलं तांदळाचं पोतं. आणि मधल्या सीटचं कव्हर गायब! पुढच्या आणि मागच्या सीटला तपकिरी रंगाची, क्रीम चौकड्यांची कव्हरं, नवी कोरी, मधली सीट उघडी.

"दत्ता, हे मधलं कव्हर कुठाय?"

"खराब झालं व्हतं मॅडम."

"कशाने?"

"झालं व्हतं." आणि पठ्ठ्या जमिनीकडे बघायला लागला.

आमच्या धंद्यात सीटचं कव्हर काढलेलं असलं की माल वाहिल्याचा संशय पहिला येतो. मी तांदूळ आणि कव्हर, दोन्ही टिपून ठेवलं. जाताना दत्ता मागोमाग आला. "मॅडम, व्हईल ना वो पास? न्हाईतर ही गाडी हितंच गंजंल. माज्याच्यानं दुरुस्ती व्हायची न्हाई. माजं काय, मी मोटरसायकलीवर फिरीन. पन वाडीची मानसं..." मी नेहमीसारखं म्हटलं, "बघू." या "बघू"ला लोक घाबरतात हे मला माहीत आहे, पण दुसरं काय म्हणणार?

पुढच्याच आठवड्यात क्लेम बघणाऱ्या साहेबांचा फोन. "मॅडम, उघड उघड भाड्याचा प्रकार आहे. नाकारायचं पत्र तयार करतोय." तांदूळ ऐकून कंपनीने एक तपास करणारा पाठवला होता वाडीवर. शहरातला, इस्त्रीच्या शर्टातला. त्याने गाडीत बसलेल्या म्हाताऱ्याचा, म्हणजे धाऊबाबाचा जबाब घेतला होता, अंगठ्यासकट. "दत्ताच्या गाडीतून आम्ही नेहमी जातो. भाडे देतो. या वेळी तांदूळ दिला." एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ ठीक. वाडीतल्या आणखी चौघांनी आपणहून पुढे येऊन जबाब दिले होते. एकाने कोंबडी दिली होती, एकीने मध, दोघांनी हिरडा. तपास करणाऱ्याला एवढे उत्साही साक्षीदार एका दुपारीत जन्मात मिळाले नसतील!

मी साहेबांना म्हटलं, "पत्र थांबवा. माझं काम संपलेलं नाही." संपलेलं नव्हतंच. पोतं डिकीत होतं, मग मधल्या सीटचं कव्हर कशाला काढलं? ते मला खात होतं.

मी दत्ताला घेऊन वाडीकडे निघाले. गाडीत तो नुसता धुमसत होता. "मी कवा भाडं मागितलं वो? डिझेलला बी कुनाकडं हात पसरला न्हाई."

"मग घेतोस कशाला?" मीही चिडलेच.

"न्हाई घेतलं तर ती मानसं गाडीत बसत न्हाईत मॅडम! ताप घिऊन चालत जातील, पन बसनार न्हाईत. म्हंत्यात, आमी कुनाचं फुकट घेत न्हाई. मग मी काय करू? कोंबडी घेतो, दुसऱ्या वाटंनं त्यांच्याच पोरांना खाऊ घिऊन जातो."

"आणि सीटचं कव्हर?"

तो खिडकीबाहेर बघायला लागला. "ते तुमी धाऊबाबाच्या घरच्या आजीला इचारा."

शेवटचा चढ पायी. मी धापा टाकत वर पोहोचले तर धाऊबाबा अंगणात बसलेला, आनंदाने उठला. "या बाई. काळजी करू नगा. म्या सगळं ब्येस सांगितलंया त्या सायबाला. त्यो मला म्हनतो कसा, दत्ताच्या गाडीत फुकट जाता का? फुकट? म्या म्हनलं, लिही, आमी भाडं देतो! आनखी चार जनांस्नी बी सांगाया लावलं. दत्ताच्या जिवावर वाडी जगती असं कुनी म्हनाया नगं."

दत्ताने डोकं धरलं. मी बाबाला समजावून सांगितलं. भाडं दिलं म्हटलं की दत्ताचा विमा जातो, दत्ताची गाडी गॅरेजात राहते. म्हाताऱ्याचा चेहरा बघवेना. बराच वेळ तो पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिला.

"मंजी म्या फुकट बसलो म्हनायचं व्हय?"

"तसं नाही बाबा. खरं असेल तेच सांगायचं."

"खरंच सांगितलं की. तांदूळ दिला न्हाई व्हय?"

दिला होता. तेवढ्यात घरातून बाळाचं रडणं ऐकू आलं आणि मी आपली आत डोकावले. धाऊबाबाची लेक सगुणा, माहेरी बाळंतपणाला आलेली, भिंतीला टेकून बसली होती आणि तिची आई, म्हणजे दत्ता म्हणाला ती आजी, झोळीला झोका देत होती. झोळी तपकिरी होती. क्रीम रंगाच्या चौकड्या. आणि एका कडेला चांगली हातभर चेन.

"आजी, हे कापड..."

आजीने आधी बाहेर बघितलं. "तुमी दोगं बापय जरा तिकडं झाडाखाली व्हा." ते गेले, मग तिने मला हाताला धरून खाली बसवलं.

"गाडीतच झालं बाई लेकरू. पौडाच्या दवाखान्यात चाललो व्हतो, पन हिला दम धरवंना. धरनाच्या कडंला दत्तानं गाडी हुबी क्येली आन सोता रस्त्याकडं तोंड करून थांबला. आत म्या आन ही. मग तसंच पुढं दवाखान्यात गेलो, तितं ऱ्हायलो. घरी आनलं ते बी दत्तानंच. आमच्यात सुईनीचा मान दिल्याबिगर बाळतीन उंबऱ्याच्या आत येत न्हाई. आता सुईन कोन? मी म्हनलं, गाडीच. हिनंच सोडवली माज्या लेकीला. म्हनून तिची वटी भरली. टपावर हळदीकुकू, तांदूळ, नारळ. आन सुईनीला देत्यात तसं पोतं डिकीत ठिवलं. दत्ता नगं नगं म्हनत व्हता. मी म्हनलं, तुला कोन देतंय? गाडीला देतिया."

आणि त्याच फेरीत परत जाताना म्हैस आडवी आली. बाळंतिणीसाठी गूळ-डिंक आणायला बाबा दत्ताबरोबर खाली निघाला होता.

"मग बाबांनी हे सांगितलं का नाही?"

"कसं सांगावं बाई? कोन कुठला परका बापय, इस्त्रीची कापडं घालून आलेला. त्येला बापानं लेकीचं बाळतपन सांगायचं? भाडं दिलं म्हनला आन मोकळा झाला." मग झोळीवरून हात फिरवत म्हणाली, "दत्ता म्हनला, कव्हर टाकून द्या. टाकून कसं द्यायाचं? हिच्यावं जल्मलं लेकरू. वड्याला न्हेऊन धुतलं आन झोळी क्येली."

मी आजवर शेकडो गाड्यांच्या पोटात डोकं घातलंय, रक्त बघितलंय, तेव्हा कधी रडले नाही. त्या झोळीपुढे मात्र मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही. आजीने मला पाणी दिलं. मग मी सगुणाला विचारलं, हे रिपोर्टमध्ये लिहिलं तर तुला चालेल का? ती बाळाकडे बघत म्हणाली, "ल्हिवा की. चोरी क्येली का काय आमी?"

मी बाहेर आले आणि पुन्हा जबाब घ्यायला बसले. दत्ताने काही मागितलं होतं का? न्हाई. आधी काही ठरलं होतं का? न्हाई. तांदूळ दिला नसता तर दत्ताने नेलं नसतं का? यावर मात्र धाऊबाबा ताडकन उठला. "न्हेलं नसतं? त्यो? अवं, ताटावरून उठून आला व्हता पोरगा, उष्ट्या हातानं!" दत्ता लाजून दुसरीकडे बघायला लागला.

अंगठा उठवायच्या आधी बाबाने विचारलं, "ह्यात कुटं फुकट म्हनून न्हाई ना ल्हिवलं?"

"नाही."

"वाचून दावा."

मी वाचलं, "तांदूळ, नारळ वगैरे हे भाडे नव्हते. सुईणीचा मान म्हणून गाडीची ओटी भरली." त्याने मान डोलवली. मग अंगठा एवढा दाबून उठवला, की कागद फाटतो की काय असं मला वाटलं. बाकीच्या चौघांनीही मग, दत्ताने कधी काही मागितलं नव्हतं की ठरवलं नव्हतं, असं लिहून दिलं.

साहेबांनी रिपोर्ट वाचला आणि मला समोर बसवून पुन्हा वाचला. "मॅडम, गाडीला सुईणीचा मान. हे मी वरच्यांना कसं समजावू?" मी म्हटलं, "साहेब, तुमच्या घरी बाळंतपणं झाली असतीलच. आईला विचारा." त्यांनी खरंच विचारलं की नाही देव जाणे, पण कव्हर कशासाठी निघालं आणि पोतं कशासाठी आलं, दोन्हींचा मेळ बसला होता. क्लेम पास झाला. दत्ताची गाडी दुरुस्त होऊन परत धरणापलीकडे गेली.

इथे संपलं असतं तर किती बरं झालं असतं. पण मी सर्व्हेयर पडले ना! गाडी नेताना मी दत्ताला बजावलं, "यापुढे कुणाकडून काहीही घ्यायचं नाही. हिरड्याची फोडसुद्धा नाही. प्रत्येक वेळी अशी झोळी सापडत नसते." सल्ला अगदी बरोबर होता. आजही कुणी विचारलं तर हाच देईन.

पावसाळा सरता सरता दत्ता मला पौडच्या बाजारात भेटला. मी आपलं कौतुकाने विचारलं, "काय म्हणते गाडी?"

"गाडी ब्येस हाय मॅडम. पन वाडीचं कुनी बसंना."

"म्हणजे?"

"मी घेत न्हाई म्हनल्यावर ती बसत न्हाईत. धाऊबाबा ताप अंगावर घिऊन पौडापातूर चालत आला. मी मागनं गाडी घिऊन हळूहळू येतुया, हात जोडतुया, तर म्हातारा म्हनतो कसा, तुजा विमा जाईल, तू जा फुडं."

मला त्या बाजारात उभं राहवेना. नियम पाळला गेला होता, कुणी खोटं बोललं नव्हतं, सगळं कसं कागदावर चोख होतं, आणि तापाने फणफणलेला म्हातारा गाडीच्या पुढे पुढे चालत होता. कुणावर चिडावं तेच कळेना. घरी येऊन मी ह्यांच्यावर चिडले, ते बिचारे वर्तमानपत्र वाचत बसले होते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी दत्ताचा फोन आला. मागे बायकामाणसांचा आणि पोरांचा गलका.

"मॅडम, सगळी वाडी माज्या अंगनात बसलीया. आजीनं डोकं चालवलंय. म्हनती, दसऱ्याला समदी आपापल्या गाड्या पुजत्यात. आमी उद्या दत्ताच्या गाडीची वटी भरतो, वाडीची मिळून येकच. कोन बसलं, कोन न्हाई बसलं, त्याचा काय संबंद न्हाई. मंग वरीसभर गाडीत बसाया कुनाला लाज न्हाई. पन धाऊबाबा ऐकत न्हाई. म्हनतो, आधी त्या इमावाल्या बाईला इचार. चालंल का वो मॅडम?"

मी फोन कानाला लावून सगळी पॉलिसी मनातल्या मनात वाचून काढली. भाडं नको, मोबदला नको, धंद्याचा माल नको, शर्यत नको. दसऱ्याला गाडी पुजू नये असं कुठे काही आठवेना.

"बाबांना दे."

खरखर झाली. मग म्हातारा फोनवर ओरडला, माणूस लांब आहे म्हटल्यावर ओरडतात तसा. "बाई, फुकट बसायचं न्हाई आमाला! पन दत्ताचा इमा बी जायाला नगं!"

"काही जात नाही, बाबा. खुशाल भरा ओटी. आणि माझ्यासाठी थांबा, मीही येतेय. नारळ माझा."